संकेतस्थळ उभारताना साधनाची निवड

दुकानाचे, संस्थेचे किंवा मंडळाचे संकेतस्थळ काढायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : दिसायला सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते? माझ्या मते विचारायला हवेत ते प्रश्न निराळे आहेत. आपल्याजवळ सांगण्यासारखा मजकूर कोणता? तो कसा रचायचा? आणि उद्या साधन बदलावे लागले, तर तो मजकूर आपल्या हाती राहील काय? प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

हे उदाहरण सुरतचे आहे. माझे मामा तेथे पर्वत पाटिया भागात राहतात आणि आपल्या सीमाभागातील दुकानदारांना साड्या पुरवतात. सुरतच्या कापडबाजारात एका गिरणीतून छापून निघालेली साडी दहा दुकानांत जाते आणि तिचे छायाचित्रही दहा ठिकाणी तेच असते. अशा बाजारात स्थळाची रंगसंगती बदलून वेगळेपण येत नाही. मामांचे वेगळेपण त्यांच्या माहितीत आहे : कोणते कापड धुतल्यावर आटते, कोणता रंग कोणत्या तालुक्यात खपतो, साडेपाच मीटरच्या साडीला ऐंशी सेंटीमीटरचा ब्लाउजपीस जोडून आहे की नाही, पन्हा किती. ही माहिती तीस वर्षांची आहे आणि आजवर ती फक्त त्यांच्या तोंडी होती.

‘इरकल’ हा एकच शब्द पाहा. खरी इरकल बागलकोट जिल्ह्यातील इळकलच्या हातमागावर विणली जाते. तिच्या अंगाचा ताणा वेगळा व टोप पदराचा ताणा वेगळा. दोन्ही एकमेकांत फास घालून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. त्याच काठ-पदराची नक्कल कृत्रिम धाग्यावर यंत्रमागाने किंवा छपाईनेही होते आणि ती स्वस्त असते. नक्कल विकण्यात गैर काही नाही; पण ती नक्कल आहे हे लिहिलेले असावे. तेव्हा प्रत्येक साडीच्या नोंदीत कापड, लांबी, पन्हा, वीण की छपाई, कोठे तयार झाली, असे स्वतंत्र रकाने हवेत. शिवाय ‘कोंडी म्हणजे काय’ हा लेख एकदाच लिहून प्रत्येक इरकलीच्या नोंदीशी जोडता यायला हवा. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. रोजकीर्दीतील नोंद खतावणीत योग्य खात्यावर गेली तरच हिशेब लागतो. मजकुराचेही तसेच आहे.

आता साधनांचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार तयार सेवांचा. विक्स आणि स्क्वेअरस्पेस ही त्यांतली परिचित नावे. चौकटी ओढून लावायच्या, चित्रे टाकायची, की संध्याकाळपर्यंत स्थळ तयार. दहा पानांच्या स्थळाला हे पुरेसे आहे. परंतु हे भाड्याचे, सजवलेले दुकान आहे. विक्सवर उभारलेले स्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. मामांचे पहिले स्थळ अशाच एका कंपनीच्या तयार सेवेवर होते. वर्गणीची मुदत टळली, स्थळ बंद झाले. छायाचित्रे फोनमध्ये होती म्हणून वाचली, पण तीन वर्षे लिहिलेली वर्णने गेली ती गेलीच. मोठ्या प्रमाणावर असे पूर्वीही घडले आहे. जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या लोकांनी लक्षावधी पाने उभारली होती. याहू कंपनीने २००९ साली ती सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी नकला काढून ठेवल्या, म्हणून त्यांतला काही भाग तरी आज पाहायला मिळतो.

दुसरा प्रकार वर्डप्रेसचा. हे मुक्त सॉफ्टवेअर २००३ साली आले आणि आज जगातील संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्थळे त्यावर चालतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वर्डप्रेसच्या नावाने चालणारी तयार सेवा निराळी आणि ते सॉफ्टवेअर आपण घेतलेल्या सर्व्हरवर बसवणे निराळे. दुसऱ्या पद्धतीत मजकूर आपल्या ताब्यात राहतो. जादा रकाने, दुसरी भाषा यांसाठी मात्र जोडण्या, म्हणजे प्लगिन, घालाव्या लागतात आणि त्या वेळोवेळी अद्ययावत ठेवाव्या लागतात. तसे न केल्यास चोराला दार उघडे राहते.

तिसरा प्रकार ड्रुपलसारख्या साधनांचा. ड्रुपल २००१ साली आले. नोंदींचे प्रकार, रकाने, परस्परसंबंध आणि अनेक भाषा यांची सोय त्यात मुळातच आहे; परंतु शिकायला ते जड. मराठीत याचे उत्तम उदाहरण ‘मायबोली’चे आहे. हे स्थळ १९९६ साली, म्हणजे ड्रुपलच्या जन्मापूर्वी, सुरू झाले. पुढे ते ड्रुपलवर गेले, तरी जुन्या ‘हितगुज’मधील लेखन जपून ठेवले गेले. साधन बदलले, मजकूर राहिला. अनेकांनी मिळून लिहायचे ज्ञानसंग्रह असतील तर मीडियाविकी उपयोगी पडते; २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्यावरच चालतो.

चौथा प्रकार ह्यूगो किंवा जेकिल यांसारख्या साधनांचा. मजकूर साध्या फायलींत लिहायचा आणि त्यांतून पाने तयार करून घ्यायची. खर्च अत्यल्प, वेग उत्तम, चोरीची भीती कमी. मात्र लिहिणाऱ्याला थोडे तांत्रिक ज्ञान हवे. घाऊक मालाच्या गडबडीत असलेल्या व्यापाऱ्याला ते जमणे कठीण.

भाषेचा प्रश्न आपल्या भागाला विशेष लागू आहे. मामांचे गिऱ्हाईक निपाणीत मराठी वाचते, तर गोकाकला कन्नड. पूर्वी देवनागरी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकला जाई. वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की अक्षरांऐवजी अर्थहीन चिन्हे दिसत. युनिकोडमुळे ती अडचण संपली. तरीही पुष्कळ व्यापारी अजून भाव व वर्णन छायाचित्रावरच कोरतात. तो मजकूर शोधात भरवशाने सापडत नाही, दुसऱ्या भाषेत नेता येत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचनयंत्रालाही वाचता येत नाही. म्हणून मजकूर अक्षरांतच असावा आणि मराठी पान व कन्नड पान एकमेकांशी जोडलेले असावे.

खर्चाचा विचार करताना पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे न पाहता नूतनीकरणाच्या दराकडे पाहावे. स्थळाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवावे, ते उभारून देणाऱ्याच्या नावावर नव्हे. नाव आपले असले, तर सर्व्हर बदलला तरी गिऱ्हाइकाला पत्ता तोच राहतो.

निवडीपूर्वी एक परीक्षा घ्यावी. दहा नोंदी, एक दीर्घ लेख आणि दोन्ही लिप्यांतले एक पान प्रत्यक्ष भरून पाहावे. स्वस्त फोनवर ते उघडावे. मग सर्व मजकूर बाहेर काढून दुसरीकडे वाचता येतो का, ते तपासावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

या कसोट्या लावून मामांसाठी आम्ही स्वतंत्र सर्व्हरवर वर्डप्रेस निवडले. ड्रुपल मजकुराला अधिक साजेसे होते; पण स्थळ रोज चालवणार मामा, आणि त्यांना न पेलणारे साधन चांगले असून उपयोग काय? दरमहा एक नक्कल काढून ती सुरतबाहेर, आमच्या घरी ठेवायची असेही ठरवले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्या गावच्या व्यापाऱ्याला एकाच जागी वही ठेवण्याचा धोका समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या महाविद्यालयातील मंडळे, गावोगावची वाचनालये आणि छोटे व्यावसायिक यांच्यापाशी असाच न लिहिलेला मजकूर पुष्कळ आहे. त्यांचे संकेतस्थळ करून देण्याचे काम पुढेमागे आपल्यापैकी अनेकांकडे येईल. तेव्हा प्रथम कागद घेऊन रकाने आखावेत. साधनाचे नाव त्यानंतर लिहावे.