मुक्त आज्ञावली आणि मराठी पाठ

संगणकाने एखादे काम करावे म्हणून त्यास ज्या सूचना द्याव्या लागतात, त्यांच्या समुच्चयास आज्ञावली म्हणतात. व्यवहारात 'सॉफ्टवेअर' हा शब्द रूढ आहे. पुष्कळशा आज्ञावलींची मूळ संहिता निर्मात्यापाशी कुलूपबंद असते आणि वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. मुक्त आज्ञावलीची रीत निराळी आहे. तिची संहिता सर्वांस खुली असते; ती वापरण्याची, अभ्यासण्याची, तीत फेरफार करण्याची व तिच्या प्रती दुसऱ्यास देण्याची मुभा कर्ता स्वतः लेखी परवान्याने देतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा संगणकप्रणालीचा गाभा सर्वांपुढे ठेवला, आणि या विचारास बळ आले.

प्राथमिक शाळेची बहुतेक कामे या मार्गाने निभतात. पत्रव्यवहार व गुणतक्ते 'लिब्रेऑफिस'मध्ये होतात, चित्रांसाठी 'गिंप' व 'इंकस्केप' आहेत, लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांसाठी 'जीकॉम्प्री' आहे. यांपैकी कशासही मोल पडत नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी विकाऊ आज्ञावलीची परवान्यावाचून केलेली नक्कलच आढळते, आणि प्रामाणिकपणाचा पाठही त्याच संगणकावर दाखविला जातो! याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. विकाऊ मालामागे जाहिरात असते, विक्रेता असतो, गावोगावचे शिकवणी-वर्ग असतात. मुक्त आज्ञावलीमागे असे पाठबळ क्वचितच असते, आणि तिची माहितीपुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. समजावून सांगणारा मराठी आवाज नसेल, तर मोफत मिळालेली वस्तूही कोनाड्यात पडून राहते.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभारला. त्यास केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेचे साहाय्य लाभले. मुक्त आज्ञावलीतील एकेक कृती संगणकाच्या पडद्यावर करून दाखवावयाची आणि त्याच वेळी ती शब्दांत सांगावयाची, असे सुमारे दहा मिनिटांचे हे पाठ असतात. शिकणाऱ्याने पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ व उरलेल्या अर्ध्यात आज्ञावली उघडावी, एक कृती पाहावी, पाठ थांबवावा, ती कृती स्वतः करावी आणि मग पुढे जावे, अशी योजना आहे. नुसते पाहून संगणक येत नाही, हे तीत गृहीतच धरलेले आहे.

पाठ तयार करण्याची त्यांची पद्धत शिक्षकांनी बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रथम संपूर्ण निवेदन दोन रकान्यांत लिहून काढतात. एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोलावयाचे ते. मग तो मसुदा त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या व्यक्तीकडून तपासून घेतात. तिला जेथे अडेल तेथे वाक्य बदलावयाचे. तज्ज्ञांच्या पसंतीपेक्षा ही चाचणी अधिक मोलाची म्हटली पाहिजे. वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगा हीच चाचणी रोज घेत असतो. यानंतर चित्र तेच ठेवून केवळ आवाज निरनिराळ्या भारतीय भाषांत भरतात. मराठी वाक्य इंग्रजीहून लांबले तर पडद्यावरचा बाण पुढे निघून जातो, म्हणून निवेदकास वाक्ये आखूड करावी लागतात. त्यामुळे भाषेचा पसारा आपोआप कमी होतो.

शब्दांची निवड हा मात्र नाजूक प्रश्न आहे. पडद्यावर जे नाव दिसते तेच निवेदनात उच्चारावे, नाहीतर मूल भलतीकडेच शोधत बसेल. 'फाइल' व 'फोल्डर' हे शब्द मुलांच्या तोंडी बसले आहेत. त्यांस हुसकावून लावण्यात अर्थ नाही. 'टिचकी मारा' हा शब्दप्रयोग मात्र सुटसुटीत आणि अस्सल आहे. तो खुशाल योजावा.

लेखी टिपणांच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यावश्यक होय. जुन्या पद्धतीच्या मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरी आकृती बसविलेल्या असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर असे टिपण उघडले की अक्षरांचा नुसता बुजबुजाट दिसतो. वर्षानुवर्षे जमविलेल्या प्रश्नपत्रिका अशा रीतीने वाचता येईनाशा होतात. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून मजकूर कोठेही वाचता येतो. त्यासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडविलेले 'मुक्ता' व 'बलू' हे सुबक टंक मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत.

शिक्षकांनी हे काम अंगावर घेतल्यास काय घडते, हे केरळात दिसून आले. तेथे २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला, पुढे शाळांतील संगणक मुक्त आज्ञावलीवर आणले गेले, आणि शिक्षकांतूनच तयार केलेल्या प्रशिक्षकांनी इतर शिक्षकांस शिकविले. २०१७ साली त्या प्रकल्पाचे 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले.

मराठी शिक्षकास आरंभ लहान प्रमाणावर करता येईल. पडदा व आवाज टिपण्यासाठी 'ओबीएस स्टुडिओ' आणि आवाज स्वच्छ करण्यासाठी 'ऑडॅसिटी' ही साधने मुक्तच आहेत. लिब्रेऑफिसमध्ये हजेरीचा तक्ता आखणे आणि त्याची बेरीज करणे, एवढाच विषय पहिल्या पाठास पुरे. तक्त्यात खऱ्या विद्यार्थ्यांची नावे घालू नयेत, आणि पार्श्वभूमीस चित्रपटगीत लावण्याचा मोह टाळावा. ते गीत वाटण्याचा हक्क शिक्षकाकडे नसतो. बोली वऱ्हाडी असो वा मालवणी, त्याबद्दल संकोच नको. मुलांना ती अधिक जवळची वाटते.

पाठाच्या अखेरीस परवान्याची एक ओळ लिहिणे अगत्याचे आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यान्वये प्रत्येक कृतीचे हक्क, वेगळे काही न लिहिताही, राखीवच राहतात. त्यामुळे शेजारच्या गावच्या शिक्षकाने तो पाठ सुधारून वापरावयाचा म्हटले तर त्यास रीतसर मुभा नसते. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्यांपैकी योग्य तो निवडून त्याचे नाव घातले, म्हणजे मूळ कर्त्याचा उल्लेख राखून कोणासही तो पाठ वाटता व बदलता येतो. जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे पेनड्राइव्हवर प्रत द्यावी.

पाठ करताना मेनूतील एखादा मराठी शब्द खटकल्यास तोही टिपून ठेवावा. लिब्रेऑफिसच्या मेनूंचे मराठी रूपांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे, आणि त्यांच्याकडे पर्यायी शब्द सुचविता येतो. तो त्यांस पटला, तर पुढील आवृत्तीत सर्व वापरणाऱ्यांच्या पडद्यावर दिसू लागतो.