वजनकाट्यावरची कुस्ती

कॉलेजच्या कुस्ती संघाचा फोटो पेपरात छापून येतो तेव्हा त्यात ढाल असते, हार असतात, मधोमध प्राचार्य असतात. जिमखान्यातला वजनकाटा मात्र नसतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात मुलांचा आणि मुलींचा असे दोन संघ कागदावर असतात. मॅट एक, काटा एक आणि शिट्टी घेऊन उभा असलेला माणूसही एकच.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वजन सकाळी होतं. फ्रीस्टाइलमध्ये मुलींचा सर्वांत हलका गट ५० किलोचा, मुलांचा ५७ चा. आदल्या रात्री यजमान कॉलेजच्या वर्गखोलीत मुक्काम असतो, तिथे कुणी डबा उघडला तरी भांडण लागतं. पोरं अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारतात. मुली केस धूत नाहीत, कारण ओले केसही काट्यावर मोजले जातात. "सर, नखंपण कापली, आता काय काढू?" यावर पूर्वी सगळे हसायचे. २०२४ मध्ये पॅरिसला केस कापूनही विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम कुस्ती हातची गेली. तेव्हापासून कुणी हसत नाही.

दुसरी कसरत कॉस्च्यूमची. मॅटवर एकाला लाल लागतो, दुसऱ्याला निळा, आणि आपल्या वाट्याला कोणता येणार ते ड्रॉ निघाल्यावरच कळतं. प्रत्येकाला दोन्ही रंग घ्यायचे तर आमचं वर्षाचं बजेट तिथेच संपतं. मग एक पैलवान कुस्ती करून आला की घामाने भिजलेला तोच लाल कॉस्च्यूम दुसरा चढवतो. ६२ किलोवालीचा कॉस्च्यूम ५३ वालीला ढगळ होतो. सेफ्टी पिन लावून मॅटवर सोडता येत नाही, म्हणून खांद्याला सुईदोऱ्याने टाके घालतो. हे काम जिमखान्यातल्या मावशींचं.

सर्वांत अवघड असते ती सरावाची जोड. मुली तीन-चार, प्रत्येकीचं वजन वेगळं. लढत करायची कुणाशी? हलक्या वजनाच्या मुलांशी. एका मुलीचे वडील लाल मातीतले जुने पैलवान. "पोरगी पोरांशी लढणार असंल तर मी हितंच बसणार," म्हणत रोज मॅटच्या कडेला येऊन बसू लागले. सुरुवातीला एक शब्द नाही. एकदा समोरच्या पोराने पट काढला तसे ओरडले, "अगं, मान दाब की!" पुढे तेच हातात घड्याळ धरून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या मोजू लागले आणि मुलांनाही भारंदाज शिकवू लागले. पगारी सहायक आम्हाला कधी मिळाला नाही, तो असा मिळाला.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. कॉलेजची कुस्ती आजही कुणीतरी पदराला खार लावून घेतो म्हणून चालते. २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आता प्रवेश घेताना मुली आधी विचारतात, "मॅट आहे का?" मॅट आहे. संस्थाचालकांनी आता मुलींना सरावाची स्वतंत्र वेळ, एक महिला मार्गदर्शक आणि प्रत्येकीला दोन रंगांचे कॉस्च्यूम एवढं मंजूर करावं. त्यासाठी कुणाला घर गहाण टाकावं लागणार नाही.