समृद्धीचा नकाशा आणि गावकुसाबाहेरची वस्ती

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या वाशिम जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथे त्यावर चढता-उतरता येते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. चांगले झाले. रस्त्याला आमचा विरोध नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या रस्त्याने चालायची बंदी होती, त्यांनी रस्त्याला विरोध का करावा? आमचा प्रश्न एवढाच आहे की, या रस्त्याच्या कडेला जी नवी गावे, नवे लेआऊट उभे राहतील, त्यात आमचा माणूस कुठे राहणार?

महामार्गाची घोषणा झाली तेव्हाच त्याच्या कडेने सुमारे वीस कृषी समृद्धी नगरे वसवण्याचा बेत सरकारने मांडला. जमीन द्या आणि विकसित भूखंड घ्या, अशी पहिली योजना होती. कोरडवाहूच्या बदल्यात २५ टक्के, बागायतीच्या बदल्यात ३० टक्के. शेतकऱ्यांनी ती फारशी स्वीकारली नाही. मग २०१७ पासून थेट खरेदी सुरू झाली आणि भावही चांगला मिळाला. पण कुणाला? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला! त्याच वावरात पिढ्यान्‌पिढ्या सोयाबीन सोंगणारा, तूर कापणारा मजूर या हिशेबात कुठेच नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्यात शंभरातले सुमारे १९ लोक अनुसूचित जातीचे. त्यांच्यापैकी किती जणांकडे सातबारा आहे, हे प्रत्येक वाचकाने आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

अमेरिकेत हा खेळ फार पूर्वीच खेळून झाला आहे, म्हणून तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच सुमारास विद्यापीठाच्या शेजारचे हार्लेम काळ्या लोकांची वस्ती बनत होते. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, गोऱ्यांच्या जाचातून सुटून हे लोक शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्ककडे निघाले होते. आमची माणसे वऱ्हाडातून नागपूरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, तशीच ती वाट होती. शहरात पोचल्यावर मात्र त्यांना ठरलेल्या मोहल्ल्यातच कोंडण्यात आले.

कोंडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. काही शहरांनी आधी उघड कायदे केले की, काळ्यांनी गोऱ्यांच्या गल्लीत घर घ्यायचे नाही. १९१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा रद्द केला. तेव्हा नगररचनेचे शास्त्र कामाला आले! या भागात एका कुटुंबाचे एकच घर, भूखंड इतक्या आकाराच्या खाली नको, चाळी आणि भाड्याच्या इमारती नकोत, अशा अटी घातल्या गेल्या. १९२६ साली त्याच न्यायालयाने झोनिंगची पद्धत वैध ठरवली. अटीत रंगाचा उल्लेख नाही, पण गरीब काळा माणूस आपोआप बाहेर. शिवाय खरेदीखतातच लिहून घेत की हे घर काळ्याला विकणार नाही. न्यायालयांनी अशा अटी राबवू नयेत हे ठरायला १९४८ साल उजाडावे लागले. तिसरी गोष्ट कर्जाची. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग दिला. लाल म्हणजे धोका, म्हणजे कर्जाला अडसर. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन नावाचे हजारो घरांचे उपनगर उभे राहिले. सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर तिथे गोरे सैनिक घरमालक झाले. त्याच युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकाला तिथे घर नाही! घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची कॉलेजे झाली, धंदे उभे राहिले. काळ्याच्या घरभाड्यातून यातले काय उभे राहणार होते?

आणि मग रस्ते आले. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणले गेले. उपनगरातला गोरा नोकरदार मोटारीने शहरात यावा-जावा म्हणून सेंट पॉलमधली रोंडो वस्ती, डेट्रॉईटमधली ब्लॅक बॉटम वस्ती महामार्गाखाली गेली. दुकाने गेली, चर्च गेली. घरभेदाविरुद्धचा कायदा झाला १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवडाभरात. तोवर शहरे आखून, बांधून झाली होती.

आता आपल्याकडे या. गावाने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, त्याला नकाशाचीही गरज पडली नाही. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न बाबासाहेबांना एवढा मूलभूत वाटला की १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी त्याचीच चिकित्सा केली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. त्यामुळे शहर वाढते म्हटले की आम्हाला आनंदच होतो. पण शहरही गावासारखेच आखले गेले तर?

१ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, शेते एन.ए. झाली, लेआऊट पडले. लेआऊटच्या कागदावर जात नसते. मोठे प्लॉट, रोख रक्कम आणि ‘आपल्यातलेच’ शेजारी एवढ्यावर काम भागते. मोठ्या लेआऊटमध्ये २० टक्के जागा लहान घरांसाठी ठेवण्याची अट २०१३ साली आली, ती दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. वाशिम-कारंजाच्या मजुराला तिचा काय उपयोग? डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योग्यच झाले. पण नाव समतानगर झाले म्हणून वस्ती नाल्याकाठची हलली काय?

याहून गंभीर गोष्ट गायरानाची. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला, तरी असंख्य लोकांच्या हाती कागद आलाच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले आणि राज्यभर नोटिसांचा धुरळा उडाला. रमाई घरकुलाला नावावरची जागा लागते, ती नाही म्हणून घरकुल नाही. भूमिहीनांना जमीन देणाऱ्या गायकवाडांच्या नावाच्या योजनेत खरेदीला सरकारी दराची मर्यादा आहे. महामार्गालगतचा शेतकरी त्या दराने जमीन कशाला विकेल? म्हणजे समृद्धी जितकी जवळ, तितकी आमची जमीन लांब!

चळवळीने पुतळे उभारले, विहारे बांधली. नगर परिषदेतला विकास आराखडा मात्र आम्ही बघायला जात नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. प्लॉटवाले आणि पुढारी तिथे वेळेत पोचतात. आमची वस्ती हिरव्या पट्ट्यात दाखवली आहे की रुंद रस्त्याखाली, हे आम्हाला जेसीबी आल्यावर कळते. तालुक्यातल्या शिकलेल्या पोरांनी आराखड्याची प्रत मिळवावी, गट नंबर जुळवावेत, गायरानावरच्या प्रत्येक घराची जुनी कर पावती, वीज बिल, मतदार यादीतली नोंद गोळा करावी, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.