मांजराची गाठ, हरळीची मुळं

लस टोचल्यावर मांजराच्या त्वचेखाली कधी कधी छोटीशी गाठ येते आणि बहुधा काही आठवड्यांत जिरते. अगदी क्वचित मात्र ती वाढत जाते. १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी अशा जागी होणाऱ्या सार्कोमा या कर्करोगाकडे लक्ष वेधलं.

हाताला ही गाठ कधी कधी सुटी लागते, म्हणून नुसती काढून टाकावीशी वाटते. तिथेच घात होतो. तिचे तंतू हरळीच्या मुळांसारखे स्नायूंच्या पदरांतून दूरवर गेलेले असतात. वरवर खुरपलं की पुन्हा उगवते. त्यामुळे शल्यविशारद आधी स्कॅन करून पसारा पाहतात आणि शक्य असेल तिथे गाठीभोवतीचा ५ सेंटिमीटरपर्यंतचा निरोगी भागही काढतात. मांजराच्या इवल्या देहासाठी हे फार मोठं ऑपरेशन!

तरीही काही पेशी मागे राहू शकतात. शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर दिलेले किरण त्यांच्या डीएनएवर घाव घालतात. मग त्या विभागताना मरतात. युरोपात याला आणखी एक जोड मिळाली: निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत इंटरल्यूकिन-२ चं जनुक त्या जागी पोचवून प्रतिकारक पेशींना चेतवायचं.

पण या भीतीने लस टाळू नये. रेबीजचा धोका कितीतरी मोठा आहे. गाठ तीन महिने टिकली, २ सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर आधी तुकडा तपासून घ्यावा.