नळ का गोठतो?

मागच्या जानेवारीत रविवारी मिस्साहून घरी आलो, तोच मावशीचा फोन. ती ओंटारियोत असते. तिकडे शनिवारची रात्र. "अरे, अंगणातला नळ गोठलाय. काका हॉस्पिटलात. शेळ्यांसाठी दिवसभर घरातून बादल्या वाहतेय." मावशीचं वय एकसष्ट, पायऱ्यांवर बर्फ. एकदा पाय घसरलाही होता.

आमच्या बेळगावात नळ कोरडा असतो तो पाण्याची पाळी नसते म्हणून. पाणी असूनही नळ बंद, हे मला नवीनच. मावशीने नळाच्या माहितीपुस्तिकेचे फोटो पाठवले. मी साहित्याचा विद्यार्थी, पान्हा धरता येत नाही. पण इंग्रजी वाचून मराठीत सांगणं तेवढं जमतं.

मुळात हा नळ गोठू नये अशीच त्याची रचना असते. वर दिसतं ते फक्त हँडल आणि तोटी. पाणी अडवणारा दट्ट्या असतो खोल जमिनीत, जिथवर थंडी पोचत नाही तिथे. दक्षिण ओंटारियोत ही खोली साधारण 1.2 मीटर धरतात. नळ बंद केला की दट्ट्या खाली बसतो, तळाचं बारीक भोक उघडतं आणि उभ्या नळीतलं पाणी भोवतालच्या खडीत झिरपून जातं. नळी रिकामी, मग गोठणार काय?

म्हणजे नळ गोठला, तर नळीत पाणी राहिलं. का राहिलं, एवढंच शोधायचं.

पहिलं कारण सगळ्यात साधं: तोटीला रबरी पाइप तसाच जोडलेला. वरून हवा आत शिरत नाही, म्हणून पाणी खाली उतरत नाही. दुसरं, हँडल पूर्ण बंद होत नाही किंवा दट्ट्याचं रबर झिजलंय. पाणी झिरपतच राहतं. हे रबर बऱ्याच नळांत मुख्य पाणी बंद करून वरूनच बदलता येतं. तिसरं, तळाचं भोक मातीने बुजलंय किंवा खडीतच पाणी साचलंय. मग मात्र खणावं लागतं.

"मावशी, पाइप जोडलेला आहे?"

क्षणभर शांतता. "आहे की रे!"

रात्री काही करू नकोस म्हटलं. सकाळी उजेडात तिने पायाखाली वाळू टाकली, पाइप काढला, नळीला जुने टॉवेल गुंडाळले आणि तोटीपासून खाली कोमट पाणी ओतत गेली. ज्योत लावायची नाही आणि हँडलवर जोर करायचा नाही, आतला दांडा तुटतो. पाऊण तासाने हँडल हललं.

शेवटी परीक्षा: नळ बंद करून लगेच तोटीवर तळहात ठेवायचा. हात आत ओढल्यासारखा वाटला, तर पाणी खाली उतरतंय.

"ओढतोय रे!" मावशी ओरडली. मागे शेळ्याही ओरडत होत्या.

यंदा तिने नोव्हेंबरातच पाइप काढून ठेवला.