विश्लेषण : मुलांना धावता, फेकता, झेलता येते का, हे कसे तपासतात?

मैदानावर संघ निवडताना एक मूल नेहमी शेवटपर्यंत उभे राहते. कॅच सुटला की मित्र हसतात, घरी ‘धांदरट’ म्हणतात. हळूहळू ते मैदानावर येणेच टाळते. त्याला नेमके काय जमत नाही, हे मात्र कोणी तपासलेले नसते. ते तपासण्याच्या शास्त्रीय पद्धती आहेत.

मूलभूत हालचाल कौशल्ये म्हणजे काय?

धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, चेंडू फेकणे, झेलणे, लाथाडणे, टोलवणे आणि तोल सांभाळणे ही कौशल्ये पुढच्या सर्व खेळांची बाराखडी आहेत. ती वयानुसार आपोआप येतात, हा समज अर्धाच खरा आहे. ढोबळ हालचाल वाढीबरोबर येते. सफाई मात्र सराव, संधी आणि मार्गदर्शनाने येते.

चाचणी कशी होते?

जगभर वापरली जाणारी ‘टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट’ ही चाचणी अमेरिकेतील डेल उलरिच यांनी १९८५ मध्ये तयार केली. तिची तिसरी आवृत्ती ३ ते १० वर्षे वयोगटासाठी आहे. तीत १३ कौशल्ये आहेत : सहा जागा बदलण्याची, सात चेंडूची. परीक्षक कृती करून दाखवतो, मूल एकदा सराव करते आणि मग दोन प्रयत्नांना गुण मिळतात. प्रत्येक निकष दिसला तर १, नाही तर ०. एकूण गुण १००.

वेळ किंवा अंतर मोजून का भागत नाही?

अंगाने मोठे मूल चुकीच्या पद्धतीनेही चेंडू लांब फेकते. म्हणून इथे चेंडू किती लांब गेला हे न पाहता तो कसा फेकला हे पाहतात. हात खाली नेऊन मागून आला का, कंबर आणि खांदा वळला का, उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे पडला का, फेकल्यावर हात अंगासमोरून पलीकडे गेला का? ‘फेक कच्ची आहे’ याऐवजी ‘पाय चुकीचा पडतो’ हे कळले, की काय शिकवायचे तेही कळते. अर्थात सगळ्या चाचण्या अशा नाहीत. जर्मनीच्या ‘केटीके’ चाचणीत फळीवरून उलटे चालणे, बाजूला उड्या मारणे अशा कृतींचा आकडाच मोजतात.

भारतात काय तपासतात?

‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी बीएमआय, एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांना आलटूनपालटून वेगाने हात लावणे यांचा समावेश आहे. तोल आणि हाताचा वेग त्यातून कळतो. फेकणे, झेलणे, उडी यांची पद्धत कळत नाही.

गुणांचा अर्थ कसा लावावा?

इथे सावधगिरी हवी. परदेशी मुलांच्या सरासरीवरून आपल्या मुलांना जोखणे योग्य नाही. ज्याने बॅट कधी हातातच धरली नाही, त्याला टोलवणे जमणार कसे? चेंडूच्या कौशल्यांत मुली मागे असल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. त्यामागे सरावाच्या संधीचा वाटा मोठा मानला जातो. शिवाय कमी गुण म्हणजे आजार नव्हे. मात्र सराव करूनही बटणे लावणे, लिहिणे, जिना उतरणे अशा रोजच्या कामांत अडचण येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ ५ ते ११ वर्षांच्या सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो. त्याचे निदान एका चाचणीवरून होत नाही.

शाळा आणि पालक काय करू शकतात?

महागडे साहित्य लागत नाही. लंगडीत एका पायावरची उडी, लगोरीत नेम आणि फेक, विटीदांडूत टोलवणे आपसूक घडते. शिक्षकाने मोबाइलवर चित्रण करून दोन-तीन निकष पाहिले, तरी कोणाला कुठे मदत हवी ते समजते. झेल जमत नसेल तर आधी मोठा, मऊ चेंडू जवळून टाकावा. मात्र हे गुण प्रगतिपुस्तकात क्रमांक लावण्यासाठी नसावेत. मुलाची तुलना त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या कामगिरीशी झाली, तर शेवटी उभे राहणारे ते मूलही खेळात उतरेल.