दोष डोळ्यांत नसतो तेव्हा

अल्झायमरच्या रुग्णाला नीट दिसेनासे होते, तेव्हा त्याचे डोळे पुष्कळदा ठणठणीत असतात. डोळा फक्त संकेत मागे धाडतो. त्यांतून वस्तू, रंग, अंतर आणि हालचाल उलगडण्याचे काम मेंदू करतो. आजार त्या भागांत पोहोचला की तक्त्यावरची अक्षरे धडाधड वाचणारा माणूसही पुढ्यातला चमचा शोधत बसतो. घरचे चष्म्याचा नंबर बदलून पाहतात, तक्रार जागच्या जागी राहते.

फिक्या-गडद छटांतला फरक आणि खोलीचा अंदाज, दोन्ही ढासळतात. दारातले काळे पायपुसणे खड्डा वाटते, म्हणून रुग्ण त्यावरून लांब ढांग टाकतो नाहीतर उंबऱ्याशीच अडून राहतो. चकचकीत फरशी ओली भासते. आरशातला माणूस परका वाटून त्याच्याशी वादही होतो. घरच्यांना हा हट्ट किंवा वेड वाटते. हा बिचाऱ्यावर अन्याय आहे. मात्र समोर नसलेली माणसे वा जनावरे वारंवार स्पष्ट दिसू लागली, तर डॉक्टर लेवी बॉडी डिमेन्शिया या वेगळ्या आजाराचाही विचार करतात.

काही जणांत स्मरणशक्ती बरीच शाबूत असताना दृष्टीच आधी बिघडते. 'पोस्टिरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी' हे या प्रकाराचे नाव. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ फ्रँक बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याचे वर्णन केले. बहुतेकांना तो पन्नाशी-साठीतच गाठतो, त्यामुळे अल्झायमरची शंकाही येत नाही. वाचताना ओळ सुटते, एका वेळी एकच वस्तू दिसते, सदऱ्याची बाही सापडत नाही. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना २००७ मध्ये याच प्रकाराचे निदान झाले. टंकलेखन जमेना, तेव्हा ते तोंडी मजकूर सांगून लिहू लागले. २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला; त्याआधी काही महिन्यांपर्यंत ते लिहीत होते.

गेलेली क्षमता परत आणणारे औषध नाही, पण घर बदलता येते. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी भडक लाल भांडी दिल्यावर आजार बळावलेले रुग्ण सुमारे २५ टक्के जास्त जेवले. रुग्ण मोजकेच होते, तरी युक्ती बिनखर्चाची आहे: पांढऱ्या ताटलीतला दहीभात दिसतच नाही, गडद ताटलीत तो उठून दिसतो. पायरीच्या कडेला रंगीत पट्टी, कमोडला वेगळ्या रंगाची सीट, भरपूर उजेड, पायपुसणे फरशीच्याच रंगाचे. नेत्रतपासणी मात्र टाळू नये. मोतीबिंदूही सोबत असू शकतो, आणि तो काढता येतो.